स्वतंत्र फर्निचर डिझायनरची पहिली ऑर्डर: एका जेवणाच्या टेबलाचं काम, मापापासून डिलिव्हरीपर्यंत

डिझाइनचं शिक्षण झालं, नोकरीही करून झाली आणि आता स्वतःच्या नावावर काम घ्यायचं ठरलं. अशा वेळी पहिली ऑर्डर बहुधा ओळखीतूनच येते आणि स्केच लगेच पसंत पडतं. खरी अडचण स्केचनंतर सुरू होते. लाकूड कमी पडतं, पॉलिशचा खर्च तिप्पट निघतो, खुर्ची टेबलाखाली जात नाही, तयार टेबल जिन्यात अडकतं. यातली जवळपास प्रत्येक गोष्ट आधी कागदावर पकडता येते.

ते कसं, हे सांगण्यासाठी इथे एकच वस्तू धरली आहे: पुण्यातल्या एका फ्लॅटसाठी सहा जणांचं भरीव सागवानी टेबल. लांबी १८०० मिमी, रुंदी ९००, उंची ७५०. पहिली ऑर्डर अशी एकाच वस्तूची असेल तर उत्तम. पूर्ण घराचं काम अंगावर घेऊ नका. त्यात प्लंबर, पीओपीवाला आणि टाइल्सवाला यांच्या तारखा सांभाळण्यातच तुमचा वेळ जातो आणि लाकडाकडे लक्ष राहत नाही.

१. आधी कागदपत्रं

हे काम आठवड्याभरात उरकतं. पुढे ढकलू नका.

- पॅन, आधार आणि व्यवसायाच्या नावाचं चालू खातं. बँक त्यासाठी गुमास्ता, म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंदणी मागते. महाराष्ट्रात मोजकेच कामगार असतील तर २०१७च्या कायद्यानुसार पूर्ण नोंदणीची गरज नसते, ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते.
- व्यवसाय कराची पीटीईसी नोंदणी. वर्षाला २,५०० रुपये.
- उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग (एमएसएमई) म्हणून सरकारी नोंद. सरकारी पोर्टलवर ती पूर्णपणे फुकट होते. पैसे मागणारी संकेतस्थळं दलालांची असतात.
- जीएसटी. फक्त वस्तू विकत असाल तर ४० लाखांच्या, सेवा देत असाल तर २० लाखांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. एक सापळा मात्र आहे: टेबल गोव्याला किंवा बंगळुरूला विकलं तर तो आंतरराज्य माल होतो, आणि तिथे पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. लाकडी फर्निचरवर १८ टक्के कर आहे.

हत्यारांत सुरुवातीला एवढं पुरतं: ५ मीटरचा टेप, लेझर मीटर, डिजिटल कॅलिपर, चांगला गुण्या, पाणसळ आणि लाकडातला ओलावा मोजणारं मॉइश्चर मीटर. काटकसर करायची तर लेझर मीटरवर करा, मॉइश्चर मीटर घ्याच.

२. साइटचं माप: टेबलाआधी खुर्ची मोजा

खोली मोजताना भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजून थांबू नका. स्कर्टिंग, स्विचबोर्ड, फ्रिजचं उघडणारं दार, बाल्कनीचं सरकतं दार हे सगळं त्या मापात यायला हवं. खुर्ची मागे सरकवून उठायला टेबलाच्या कडेपासून निदान ७५० मिमी लागतात, आणि बसलेल्या माणसाच्या मागून ताट घेऊन जायचं असेल तर ९००. म्हणजे ९०० रुंदीच्या टेबलाला कमीत कमी २४०० मिमी रुंद जागा हवी. तेवढी नसेल तर टेबल ८०० रुंद करा किंवा एका बाजूला बाकडं सुचवा. हे पहिल्याच भेटीत सांगा.

मग खुर्च्या. त्या आधीच घेतलेल्या असतील तर सहाही मोजा, कारण जुन्या खुर्च्या एकसारख्या नसतात. सीटची उंची साधारण ४५० मिमी असते. टेबलाचा माथा २५ मिमी जाड आणि त्याखालची चौकटीची पट्टी १०० मिमी धरली, तर पट्टीची खालची कड जमिनीपासून ६२५ वर येते. मांडीसाठी १७५ मिमी मिळतात, ते ठीक आहे. पण हाताच्या खुर्चीचा हात ६४०-६५० वर असतो. ती खुर्ची पट्टीला अडते आणि कायम दीड हात बाहेर उभी राहते. पट्टी ७५ मिमीची केली तरी खालची कड ६५० वरच येते, म्हणजे जेमतेम. खुर्ची हाताची की बिनहाताची, हे ड्रॉइंग सुरू करण्याआधीच लिहून घ्या.

त्याच दिवशी इमारतीचंही माप घ्या: लिफ्टचं दार आणि केबिनची खोली, जिन्याच्या वळणावरची रुंदी, मुख्य दाराची चौकट. सोसायटी सामान कोणत्या वेळेत चढवू देते, तेही वॉचमनला विचारा.

३. ड्रॉइंग: सुताराला लागतं ते

ग्राहकाला थ्रीडी चित्र आवडतं, कारखान्यात मात्र त्याचा काही उपयोग नाही. तिथे तीन कागद लागतात: वरून, समोरून आणि बाजूने मापं असलेलं ड्रॉइंग, जोडांचं १:१ चित्र आणि कटिंग लिस्ट.

आपण मिलिमीटरमध्ये काढतो, पण अनेक मिस्त्री इंच आणि सुतात बोलतात. १ इंच म्हणजे ८ सूत, १ सूत म्हणजे ३.१७५ मिमी. ड्रॉइंगवर दोन्ही मापं लिहा. ७२५ मिमीच्या पायाशेजारी ‘साडेअठ्ठावीस इंच’ लिहिलेलं असेल तर कुणी मनाने पूर्णांक करत नाही.

आपल्या टेबलाचे पाय ६३ मिमी चौरस आहेत. माथा सगळीकडून साधारण ७५ मिमी बाहेर येतो. लांब बाजूला दोन पायांमध्ये १५२५ मिमी मोकळे राहतात. तिथे तीन खुर्च्या बसवायच्या तर एक खुर्ची ४६० पेक्षा रुंद नको: तीन खुर्च्यांचे १३८० झाले, उरलेल्या १४५ मिमीत चार फटी, प्रत्येकी ३६. खुर्च्या ५०० च्या असतील तर दोन-दोन लांब बाजूंना आणि एकेक टोकांना, हा एकच मार्ग उरतो.

आता जोड. चौकटीची पट्टी २५ मिमी जाड, तिला एक तृतीयांश जाडीचा म्हणजे ८ मिमीचा कुसू (पायाच्या खाचेत शिरणारी पट्टीच्या टोकाची जीभ), लांबी ३८. प्रत्येक पायात दोन बाजूंनी दोन कुसू येतात. पट्टी पायाच्या मधोमध ठेवली, तर आतमध्ये दोन्ही कुसू एकमेकांना धडकतात आणि मिस्त्री ते जागेवरच कापून आखूड करतो. जोड तिथेच कमजोर होतो आणि वर्षाभरात टेबल डुगडुगायला लागतं. पट्टी पायाच्या बाहेरच्या कडेपासून ६ मिमी आत ठेवली, तर कुसू बाहेरच्या कडेपासून साडेचौदा ते साडेबावीस मिमीच्या पट्ट्यात येतो. दुसरा कुसू आतून येऊन २५ मिमीपाशी थांबतो. दोघांमध्ये अडीच मिमी शिल्लक राहतात. हे एक चित्र पूर्ण मापात काढून सुताराच्या हातात द्या. टेबलाचं आयुष्य त्या अडीच मिमीवर आहे.

४. लाकडाचा हिशोब

भरीव लाकूड घनफुटात विकलं जातं. १ घनफूट म्हणजे १७२८ घन इंच. हिशोब तयार मापावर करायचा नाही, रंध्याआधीच्या कच्च्या मापावर करायचा.

- माथा: ७४ × ३९ × सव्वा इंच = सुमारे ३६०८ घन इंच
- पाय: ३ × ३ × ३० इंच, असे चार = १०८०
- पट्ट्या: सव्वाचार × सव्वा इंच, एकूण लांबी १८६ इंच (कुसवांसकट) = ९८८

बेरीज ५६७६ घन इंच, म्हणजे ३.२८ घनफूट. यावर ३० टक्के घट धरा. गाठी, चिरा, बाहेरचं पांढरं लाकूड आणि करवतीत जाणारा भुसा हे सगळं त्यात येतं. ४.२७ होतात, म्हणून साडेचार घनफूट मागवा. नवखा माणूस साडेतीन मागवतो आणि मग शेवटच्या दोन फळ्या वेगळ्या लॉटमधून येतात. त्यांचा रंग जुळत नाही, आणि नेमक्या त्या माथ्यावर येतात.

५. वखारीत

पुण्यात भवानी पेठेतलं टिंबर मार्केट, नागपुरात लकडगंज. विदर्भात बल्लारशाचा साग प्रसिद्ध आहे. पहिल्यांदा जाताना ज्या मिस्त्रीकडून काम करून घ्यायचं आहे, त्याला बरोबर न्या आणि त्याच्या दिवसाचे पैसे द्या.

फळी उलटून दोन्ही बाजू पाहा. कडेला पांढरट पट्टा असेल तर तो कापून टाकावा लागणार, कारण सागाची ख्याती आहे ती गाभ्याच्या लाकडाची. पांढऱ्या भागाला भुंगा लागतो आणि टेबलाखाली पिवळट पीठ पडायला लागतं. मीटर फळीच्या टोकाला लावू नका, टोकं लवकर सुकतात आणि आकडा खोटा येतो. मधोमध, दोन-तीन ठिकाणी टोचा. १२ टक्क्यांपर्यंत ठीक. १६-१८ दाखवत असेल तर ते लाकूड घेऊ नका, भाव कितीही कमी असला तरी.

जुन्या वाड्यांच्या पाडकामातला साग सुंदर आणि मुरलेला असतो. त्याच्या पोटात खिळे मात्र असतात. एक तुटका खिळा रंध्याच्या यंत्राची पाती खराब करतो आणि ती भरपाई तुमच्याकडून मागितली जाते. मेटल डिटेक्टर फिरवा आणि जुन्या लाकडाला घट ३० ऐवजी ४० ते ५० टक्के धरा.

मापणीच्या वेळी तिथेच उभे राहा. प्रत्येक फळीची लांबी, रुंदी, जाडी वहीत उतरवा आणि बिलाशी ताडून पाहा.

६. अंदाजपत्रक

खालचे दर फक्त गणित दाखवण्यापुरते आहेत. तुमच्या गावचे घाला.

लाकूड साडेचार घनफूट, ४,००० रुपये दराने: १८,०००. सुतार आणि मदतनीस सहा दिवस, जोडीला २,५०० रोज: १५,०००. पॉलिश ७,८००. गोंद, पॉलिश पेपर, स्क्रू, पॅकिंग: ३,०००. टेम्पो आणि हमाली: ३,०००. बेरीज ४६,८००. त्यावर १० टक्के अडीअडचणीसाठी, म्हणजे ५१,४८०.

पॉलिशचा आकडा कसा आला ते पाहा, कारण इथे बहुतेक जण फसतात. माथ्याची वरची बाजू १.८ × ०.९ मीटर, म्हणजे साडेसतरा चौरस फूट. पण माथ्याची खालची बाजूही तेवढीच आहे आणि तिलाही पॉलिश हवंच. एकच बाजू बंद केली तर लाकूड दुसऱ्या बाजूने दमटपणा ओढतं आणि माथा पापडासारखा वाकतो. पाय आणि पट्ट्या धरून एकूण ५२ चौरस फूट होतात. १५० रुपयांनी ७,८००. फक्त वरचा माथा मोजणारा पॉलिशसाठी २,६०० लिहितो आणि उरलेले पदरचे घालतो.

यात तुमची फी अजून आलेली नाही. भेटी, ड्रॉइंग, वखार, कारखान्याच्या फेऱ्या मिळून एका टेबलाला ३५ ते ४० तास सहज जातात. तासाचा दर ठरवा आणि फी वेगळ्या ओळीत लिहा. ती लाकडाच्या भावात लपवली, की ‘आमचा सुतार यापेक्षा स्वस्तात करतो’ हे ऐकावं लागतं, आणि सुताराशी तुलना झाली की तुमच्या कामाचं मोल कुणाला दिसत नाही. तुमची फी आधी, ड्रॉइंग देण्यापूर्वी घ्या.

७. लेखी काय हवं

दोन पानं पुरतात. वस्तूचं वर्णन मापांसकट, लाकडाची जात, पॉलिशचा प्रकार, ड्रॉइंगमध्ये किती वेळा बदल फुकट (दोन पुरे), मुदत, आणि पैशांचे टप्पे: ५० टक्के आगाऊ, ४० टक्के माल निघण्यापूर्वी, १० टक्के घरी बसवल्यावर. आगाऊ रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय वखारीत जाऊ नका.

‘लाकूड नैसर्गिक आहे, रंगात व रेषांत फरक असेल’ हे वाक्य नक्की घाला. फोनवर सांगितलेला बदल त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, वाढीव खर्चासकट, आणि ‘हो’ आल्यावरच कामाला लागा.

ग्राहक कंपनी असेल तर उद्यम क्रमांक बिलावर छापा. एमएसएमई कायद्यानुसार त्यांनी ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. लेखी मुदत नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं आणि सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. अनेकदा बिलावरचा हा उल्लेखच पैसे सोडवतो.

८. पॉलिशचा नमुना, हळदीसकट

त्याच लॉटमधल्या फळीचे एक फूट बाय सहा इंचांचे दोन तुकडे घ्या. पूर्ण प्रक्रियेने पॉलिश करा. ते नीट वाळले, की एका तुकड्यावर फोडणीचं हळद घातलेलं तेल, लिंबाचा रस आणि गरम चहाचा कप ठेवून रात्रभर सोडा. सकाळी पुसा. तेल-मेणाचं फिनिश हाताला फार छान लागतं, पण हळद त्यात मुरते. रोज जेवायच्या टेबलाला पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश बरं, आणि ग्राहकाला कारण समजावायला हा तुकडाच पुरतो. दुसऱ्या, स्वच्छ तुकड्याच्या मागे तारीख घालून ग्राहकाची सही घ्या. रंगावरून पुढे वाद झाला तर हा तुकडा तुमच्या बाजूने बोलेल.

९. कारखान्यात

लाकूड आलं की लगेच कापू देऊ नका. फळ्यांमध्ये दीड-दीड फुटावर सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून दोन-तीन आठवडे रचून ठेवा. हा वेळ मुदतीत आधीच धरलेला असावा.

कोणत्या टप्प्याला तुम्ही स्वतः हजर असायला हवं, ते ठरवून घ्या.

पहिला, फळ्या जुळवताना. माथ्याला पाच-सहा इंची सहा-सात फळ्या लागतात. त्या जमिनीवर मांडा, रंग आणि रेषा जुळेपर्यंत फिरवा, मग खडूने सगळ्यांवर मिळून एक मोठा त्रिकोण काढा. क्रम चुकला तर त्रिकोण लगेच मोडलेला दिसतो. दोन फळ्या कडेला कड लावून उजेडासमोर धरा. उजेड दिसला तर पुन्हा रंधा. शिकंजा दाबून फट बंद करणं चालत नाही, ती पहिल्या उन्हाळ्यात उघडते. गोंद लावल्यावर २४ तास रंधा मारू नये. गोंदाच्या पाण्याने फुगलेली कड लगेच सपाट केली तर नंतर सुकून तिथे बारीक चर पडते, आणि ती पॉलिशनंतर दिसते.

दुसरा, माथा चौकटीवर बसवताना. लाकूड रेषेच्या आडव्या दिशेने फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. ९०० मिमीचा सागवानी माथा पावसाळा ते उन्हाळा या फरकात ३ ते ७ मिमी हलू शकतो. सवयीने मिस्त्री तो गोंद लावून आणि स्क्रू आवळून पक्का करतो. मग माथ्याला हलायला जागा राहत नाही आणि तो मधोमध चिरतो. मधले स्क्रू घट्ट, कडेच्या स्क्रूंसाठी आडव्या दिशेने १२-१५ मिमी लांबट भोकं आणि खाली वॉशर. माथ्याला गोंद अजिबात नको. ‘गोंद लावू नये’ हे ड्रॉइंगवर लाल अक्षरात लिहा आणि तरीही त्या दिवशी हजर राहा.

१०. पॉलिश

घासकाम ८०, १२०, १८०, २२० या क्रमाने, रेषेच्या दिशेने. एक नंबर गाळला तर आधीचे ओरखडे राहतात आणि ते पॉलिशचा हात बसल्यावरच दिसतात. पावसाळ्यात मुदत वाढवून मागा. दमट हवेत लॅकर मारला की तो पांढुरका पडतो, कारण झपाट्याने उडणारं थिनर पृष्ठभाग थंड करतं आणि त्यावर दव धरतं. कोकणात जून ते सप्टेंबर पॉलिशची तारीख देताना हवा पाहूनच बोला. शेवटच्या हातानंतर आठवडाभर टेबलावर गरम भांडं ठेवू नये, हे ग्राहकाला लिहून द्या.

११. फोटो टाकण्यापूर्वी

रचना खरोखर तुमची आणि नवी असेल आणि ती पुन्हा विकायची असेल, तर २०००च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणीचा विचार करा. व्यक्तीसाठी अर्जाचं शुल्क १,००० रुपये, संरक्षण १० वर्षं, पुढे ५ वर्षं वाढवता येतं. पण अर्ज करण्याआधीच फोटो इन्स्टाग्रामवर गेला तर रचना प्रसिद्ध झाली असं धरतात आणि नोंदणीचा हक्क जातो. आधी अर्ज, मग पोस्ट. दुसऱ्याच्या नोंदवलेल्या रचनेलाही हेच संरक्षण असतं, म्हणून फोटो दाखवून ‘अगदी असंच करा’ म्हणणाऱ्या ग्राहकाला नम्रपणे नाही म्हणा आणि त्यातलं नेमकं काय आवडलं ते विचारा.

१२. डिलिव्हरी

माथा आणि चौकट वेगवेगळी न्या आणि घरीच जोडा. स्क्रूची पद्धत त्यासाठीही सोयीची आहे. चौकट साधारण १६५० × ७५० × ७२५ भरते, आडवी करून दारातून जाते. माथा उभा करून न्यायचा. कोपऱ्यांना फोम, त्यावर कोरुगेटेड पुठ्ठा, आणि चिकटपट्टी पुठ्ठ्यावरच, पॉलिशवर कधीही नाही. ताज्या पॉलिशवर बबल रॅप थेट गुंडाळला तर बुडबुड्यांचे गोल ठसे उमटतात.

बसवायला जाताना पेटीत हे असू द्या: स्क्रू ड्रायव्हर, पाणसळ, पायाखालची फेल्ट, १ ते ३ मिमीच्या पातळ चकत्या, रिटचिंगचं सामान आणि मऊ कापड. फरशी क्वचितच सपाट असते. टेबल हललं तर आधी त्याची जागा चार इंच बदलून पाहा, पाय तासायला घेऊ नका.

उरलेलं पॉलिश लहान बाटलीत भरून, त्यावर नाव आणि तारीख लिहून ग्राहकाकडे ठेवा. पहिला पावसाळा संपला की ऑक्टोबरमध्ये एक फेरी मारा. टेबलाखाली वाकून लांबट भोकांतले स्क्रू पाहा: वॉशरशेजारी घासल्याची बारीक चमक दिसली, तर माथा मोकळेपणाने हलतोय. ती नसेल तर स्क्रू पाव फेरा सैल करा.